व्हीगन बनाना ब्रेड, चॉकलेट चिप्स घालून: तुमचा अनुभव लिहा

नौपाडा, ठाणे

एका फसलेल्या ब्रेडमुळे हा विषय काढते आहे. माझी मुलगी दोन वर्षांपासून व्हीगन आहे. दूध, दही, तूप, मध काही घेत नाही. आमच्या घरात वरणावर तुपाची धार पडल्याशिवाय पान पुरं होत नाही, त्यामुळे ती पुण्याहून चार दिवस आली की मी तिला वेगळं वाढते आणि ती मुकाट्याने वेगळं खाते. ते वेगळेपण मला सलतं.

यंदा गणपती उठले तेव्हा घरात तीन डझन केळी होती. दर्शनाला येणारा प्रत्येक जण नारळाबरोबर केळी आणतो. प्रसादाची केळी टाकवत नाहीत. म्हटलं, बनाना ब्रेड करू, चॉकलेट चिप्स घालू, सगळे एकाच ताटलीतून खाऊ.

वरून सुरेख तपकिरी झाला. कापला तर मधे गिच्च गोळा, आणि चिप्स सगळ्या तळाशी बसलेल्या. तेही चाललं असतं. पण चिप्स मी हिरवा ठिपका बघून आणल्या होत्या. मुलीने पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली, त्यात मिल्क सॉलिड्स. ती काही बोलली नाही, हातातला तुकडा परत ठेवला.

दिवाळीला ती पुन्हा येणार आहे. ठाणे, नवी मुंबईत जे कुणी घरी करत असाल त्यांनी लिहा. केळी कुठली घेता, अंड्याऐवजी काय घालता, चिप्स कशा निवडता. बिघडला असेल तर तेही लिहा, मला त्याचाच जास्त उपयोग होईल.

सीवूड्स, नेरुळ

ताई, चिप्सचं वाचलं आणि आधी तेच लिहायला बसले. माझ्या मुलाला दुधाची अ‍ॅलर्जी आहे. खिरीतला डाव न धुता आमटीत घातला तरी त्याच्या अंगावर गांध्या उठतात. आम्ही व्हीगन नाही, पण पाकिटं वाचण्यात सहा वर्षं गेली आहेत.

हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, एवढंच. आपल्याकडे दूध शाकाहारात येतं, त्यामुळे त्या ठिपक्यावरून दुधाचं काही कळत नाही. व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने, २०२२ मध्ये वेगळे नियम केले. त्यांचं चिन्हही वेगळं आहे: हिरव्या रंगात इंग्रजी व्ही आणि त्याला फुटलेलं पान. ते नसेल तर मागची यादी वाचायची. मिल्क सॉलिड्स, व्हे पावडर, केसिन, बटर ऑइल, यातलं काही दिसलं की पाकीट खाली ठेवायचं. पुढे ‘डार्क’ लिहिलेलं असलं तरी वाचायचंच, कारण डार्क म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी चिप्समध्ये दुधाची पावडर मिळाली आहे मला. कोको बटरला मात्र घाबरू नका. नावात बटर असलं तरी ती कोकोच्या बियांतलीच चरबी असते.

यादीच्या खाली कधीकधी ‘दुधाचा अंश असू शकतो’ अशी ओळ असते. म्हणजे त्याच यंत्रावर दुधाचंही चॉकलेट होतं. बरेच व्हीगन लोक ते चालवून घेतात, तुमच्या मुलीला विचारा. आम्हाला ते चालत नाही. लॅक्टोज-फ्री दूधही चालत नाही. त्यात फक्त दुधातली साखर फोडलेली असते, प्रथिनं जिथल्या तिथे असतात, आणि याला त्रास प्रथिनांचा आहे.

मी आता चिप्स शोधत बसत नाही. दुधाशिवायच्या डार्क चॉकलेटची वडी सुरीने ओबडधोबड चिरते. लहान-मोठे तुकडे होतात, मोठे वितळून मधे मऊ राहतात, मला ते चिप्सपेक्षा जास्त आवडतात.

गेल्या वर्षी वाढदिवसाला केकऐवजी हाच ब्रेड दोन भांडी केला. सोसायटीतली पोरं भोवती उभी होती. याने नेहमीसारखं विचारलं, “आई, यातलं माझं कुठलं?” म्हटलं, सगळंच.

मानपाडा, घोडबंदर रोड

मी केळ्यांवर लिहिते. माहेर वसईचं, त्यामुळे या बाबतीत गप्प बसवत नाही.

राजेळी यात घालू नका. ती आमच्याकडे सुकेळ्यांसाठी. अंगाने घट्ट, पिकली तरी कुस्करताना गाठी राहतात. वेलची केळ्यांचा वास अप्रतिम येतो, पण एका ब्रेडला नऊ-दहा लागतात आणि आज ठाण्यात वेलचीचा भाव बघता जीव होत नाही. नेहमीची लांब केळी, जी आपल्याकडे बहुतेक जळगावकडून येतात, तीच उत्तम. तीन मध्यम घ्यायची. खरं तर मोजू नका, सोलून वजन करा: ३५० ग्रॅम. ताईंचा ब्रेड गिच्च झाला त्यात केळी जास्त पडली असणार, अशी माझी शंका आहे. तीन डझन समोर असली की हात सैल सुटतोच.

पिकलेली म्हणजे पिवळी नाहीत. सालीवर काळे ठिपके यायला हवेत, अर्धी साल काळी झाली तर आणखी चांगलं. केळं पिकताना त्यातल्या स्टार्चची साखर होते, म्हणून तेवढ्या पिकलेल्या केळ्यांना वरून साखर कमी लागते. गावदेवीच्या मंडईत संध्याकाळी उशिरा गेलं की अशी केळी विक्रेता वेगळी काढून ठेवतो आणि स्वस्तात देतो. कच्ची असतील तर कागदाच्या पिशवीत एका पिकलेल्या केळ्याबरोबर बांधून ठेवा. पिकलेल्या फळातून इथिलीन वायू निघतो, त्याने बाकीची दोन दिवसांत पिकतात.

गणपतीतली केळी मी सोलून, डब्यात घालून फ्रीजरमध्ये टाकते. बाहेर काढल्यावर पाणी सुटतं. ते फेकू नका, सगळा गोडवा त्यात असतो. पण वजन त्या पाण्यासकट करायचं.

खारघर

ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे गिच्च का झाला यावर दोन शब्द.

अंडं दोन कामं करतं: मिश्रण बांधतं आणि उष्णतेने घट्ट होऊन आकार धरून ठेवतं. जवसाचा लगदा पहिलं काम छान करतो, दुसरं नाही. एक मोठा चमचा जवसाची पूड, तीन मोठे चमचे पाणी, दहा मिनिटं ठेवलं की अंड्याच्या पांढऱ्या भागासारखं बुळबुळीत होतं. भाजलेल्या जवसाला चटणीचा वास येतो, म्हणून मी कच्चेच दळते. पण असा ब्रेड ओव्हनमधून निघतो तेव्हा आतून नाजूक असतो. गार होताना त्यातला स्टार्च बसतो आणि मग तो कापण्याजोगा होतो. गरम कापला की सुरीला लगदा लागतो आणि कच्चा राहिला असं वाटतं. मी तासभर जाळीवर ठेवते, घरात कितीही वास सुटला तरी.

दुसरं कारण ढवळणं. मैदा पडला की मोजून पंधरा-वीस वेळा उलथन्याने खालीवर करायचं, पांढरं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं. भज्यांच्या पिठासारखं फेटत बसलं की ग्लूटेन तयार होतं आणि ब्रेड वातड होतो.

तिसरं, सोडा. बेकिंग सोड्याला आम्ल लागतं. केळ्यात थोडं असतं, ते पुरत नाही. म्हणून पाव कप सोया दुधात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून पाच मिनिटं ठेवते, ते फाटल्यासारखं होतं. तेच हवं असतं. ते सोड्याला भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटायला लागतो, म्हणून मिश्रण एकत्र केल्यावर फोनवर बोलत बसायचं नाही, लगेच ओव्हनमध्ये. सोडा एक सपाट छोटा चमचा. जास्त झाला तर साबणासारखी चव येते. मी एकदा दीड घातला होता, सगळा ब्रेड टाकावा लागला.

माझं माप: केळी ३५० ग्रॅम, मैदा २१० (किंवा अर्धा मैदा, अर्धी कणीक आणि दोन चमचे सोया दूध जास्त, कारण कणीक पाणी पिते), ब्राऊन शुगर १००, तेल ८० मिली, अर्धा छोटा चमचा मीठ, चॉकलेट १००. तेल सूर्यफुलाचं. खोबरेलाचा वास छान, पण थंडीत ते मिश्रणात थिजून गुठळ्या होतात. १७५ अंशांवर ५० ते ६० मिनिटं. वरून लवकर रंग आला तर ४० व्या मिनिटाला फॉइल झाकायची. ओटीजीत वरची कॉइल जवळ असते, ताईंचा ब्रेड वरून तयार दिसला तो त्यामुळेही असेल. टूथपिक दोन-तीन ठिकाणी टोचून बघा. वितळलेलं चॉकलेट लागलं तर तो कच्चेपणा नव्हे.

कोलबाड, ठाणे

तळाशी बसण्यावर: आईने सहज सांगितलेला उपाय. चिप्स चमचाभर मैद्यात घोळवा, मगच मिश्रणात घाला, आणि तिसरा हिस्सा मागे ठेवून भांड्यात ओतल्यावर वरून पसरा. मिश्रण पळीने ओतलं तर सरसर वाहू नये, थबकत पडावं. पातळ मिश्रणात कुठलीच युक्ती चालत नाही.

ऐरोली

माझं वय ७१. घरी ओव्हन नाही आणि या वयात घ्यायचाही नाही. नातीसाठी कुकरमध्ये करतो, तिची आई म्हणजे आमची सून व्हीगन आहे.

पाच लिटरच्या जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या कुकरच्या तळाला दीड वाटी जाडं मीठ. त्यावर स्टँड. पाणी अजिबात नाही. झाकणाची रिंग आणि शिट्टी दोन्ही काढून ठेवायची, ही गोष्ट विसरू नये. दहा मिनिटं मध्यम आचेवर कुकर तापवायचा, मग तेल-मैदा लावलेलं गोल भांडं आत, आणि आच अगदी बारीक. पंचावन्न मिनिटं लागतात. पहिली पस्तीस मिनिटं झाकण उघडायचं नाही. मीठ गार झालं की बरणीत भरून ठेवतो, पुढच्या वेळी तेच. वरून ओव्हनसारखा रंग येत नाही, पण आतून फार मऊ होतो.

साखरेऐवजी गूळ आणि सोया दुधाऐवजी नारळाचं दाट दूध घालतो. ही कल्पना आमच्या हिची. ही मालवणची, शिरवाळ्यांबरोबरचा रस गूळ आणि नारळाच्या दुधाचाच असतो. गूळ किसून कोमट नारळाच्या दुधात विरघळवायचा, गाळायचा, गार करायचा, लिंबाचा रस पिळायचा. वेलदोडा आणि किंचित जायफळ. जायफळ आणि चॉकलेट जुळतील असं मला वाटलं नव्हतं, पण जुळतात.

पहिल्यांदा केला तेव्हा सून म्हणाली, “बाबा, लग्नानंतर या घरात पहिल्यांदा काहीतरी न विचारता खाल्लं मी.” मला फार वाईट वाटलं. आम्ही तिला कधी अडवलं नव्हतं, पण आमच्या प्रत्येक पदार्थाला तिला ‘यात काय आहे’ विचारावं लागत होतं हे लक्षातच आलं नव्हतं. आता दर पंधरा दिवसांनी होतो.

कोपरखैरणे

पीजीत राहतो, एअर फ्रायर आहे. वरचंच मिश्रण, पण छोट्या वाट्यांमध्ये अर्ध्यापर्यंत भरून, १६० अंशांवर वीस-बावीस मिनिटं. मोठं भांडं ठेवलं तेव्हा पंख्याच्या वाऱ्याने वरचा थर करपला आणि खाली पीठच राहिलं. वाट्यांनी प्रश्न मिटला.

बेलापूर

पावसाळ्यात ओट्यावर ठेवू नका. दुसऱ्या दिवशी ठीक असतो, तिसऱ्या दिवशी बुरशी. पूर्ण गार झाल्यावर चकत्या कापून मधे बटर पेपर घालून फ्रीजरमध्ये ठेवते. सकाळी मुलं शाळेत जाताना तव्यावर झाकण ठेवून दोन मिनिटं, चॉकलेट पुन्हा वितळतं.

नौपाडा, ठाणे

दिवाळी झाली. सगळ्यांचं वाचून, वहीत लिहून घेऊन केला.

केळी तोलली. वजनकाटा नव्हता, समोरच्या काकूंकडून आणला. हाताला येतील तेवढी सोलली होती ती ४९० ग्रॅम भरली, म्हणजे मागच्या वेळी किती पडली असतील. चॉकलेटची वडी चिरली, पाकीट आधी मुलीला व्हॉट्सअ‍ॅपवर दाखवलं. जायफळ घातलं, ऐरोलीच्या काकांचं ऐकून. चाळिसाव्या मिनिटाला फॉइल. तासभर जाळीवर ठेवला आणि त्या तासात स्वयंपाकघरात कुणाला येऊ दिलं नाही.

मधोमध कापला. कोरडी सुरी बाहेर आली. तुकडे वरपासून खालपर्यंत पसरलेले.

सासूबाईंनी फराळाची ताटं केली तेव्हा प्रत्येक ताटात चकलीशेजारी एक चकती ठेवली, मुलीच्या ताटातही तेवढीच. मुलीने ती खाल्ली, दुसरी मागितली, आणि मग चकली हातात घेऊन विचारलं, “आई, मोहन कशाचं आहे?” तेलाचंच होतं. तिने ती खाल्ली. चिवडाही खाल्ला. शंकरपाळ्यांपाशी थांबली, कारण त्यात दूधही होतं आणि तूपही.

तेव्हा आता शंकरपाळ्या. कुणी नारळाच्या दुधात आणि तेलाच्या मोहनावर केल्या असतील तर प्रमाण लिहा. खुसखुशीत होतात का, आणि किती दिवस राहतात?