सोलापूरच्या माणसानं अंटार्क्टिकाच्या खाणबंदीसाठी बोलावं का?

जुळेसोलापूरकर (धागाकर्ता)
माझं मत: बोलावंच. १९९१ च्या माद्रिद करारानं अंटार्क्टिकात खनिज काढायला बंदी घातली. भारत १९८३ पासून मूळ अंटार्क्टिक करारात मताधिकार असलेला देश आहे. मैत्री आणि भारती ही आपली संशोधन केंद्रं तिथं चालतात, २०२४ ची करार-देशांची बैठक तर कोचीलाच झाली. २०४८ नंतर कोणताही मताधिकारी देश बंदीचा फेरविचार मागू शकतो. तेव्हा भारत कुठल्या बाजूला उभा राहील, हे आताच दिल्लीला विचारायला हवं. आपल्या खासदारांना पत्र लिहू या.

सीनाकाठ
मोहोळ तालुक्यातला शेतकरी आहे. राग मानू नका, पण सप्टेंबर २०२५ च्या पुरात सीनेनं आमचा उभा ऊस लोळवला. वरची माती खरवडून नेली, खाली नुसता मुरूम उरला. ध्रुवांवरचा बर्फ वितळवला युरोप-अमेरिकेच्या धुराड्यांनी. भोगायचं आम्ही आणि त्यांच्यासाठी पत्रंही आम्हीच लिहायची? आधी पुराचा इशारा वेळेत गावात पोचू द्या.

जुळेसोलापूरकर
दादा, राग कसला. पण ही दोन दुखणी अगदीच वेगळी नाहीत. गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी रशियाच्या उत्तरेकडच्या कारा समुद्रातला घटता बर्फ आणि भारतातला सप्टेंबरमधला टोकाचा पाऊस यांचा संबंध असू शकतो, असं २०२१ मध्ये मांडलंय.

सीनाकाठ
असू शकतो म्हणजे आहे असं नव्हे. वरच्या धरणांतून सोडलेलं पाणी आम्ही डोळ्यांनी बघितलं. कारा समुद्राचं नाव पुढं केलं की इथल्या नियोजनाला कुणी जाब विचारत नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

विडीघरकुल_इंजिनिअर
करार होऊन होऊन काय होणार? २०४८ ला बंदी संपतेच. आणि अंटार्क्टिकातल्या थ्वेट्स हिमनदीला खाणी नव्हे, खालून शिरणारं कोमट समुद्रपाणी पोखरतंय. ती एकटी पूर्ण गेली तर जगभर समुद्र साधारण ६५ सेंटीमीटर चढेल. समुद्रतळावर पडदा उभारून ते पाणी अडवायची कल्पना काही शास्त्रज्ञांनी मांडली आहे. पैसा तिकडं लावा.

भूगोलबाई
बंदी २०४८ ला आपोआप संपत नाही. फेरविचार झालाच, तर १९९१ मध्ये मताधिकार असलेल्या देशांपैकी तीन-चतुर्थांश तयार व्हावे लागतात, आणि भारत त्या यादीत आहे. म्हणून आपल्या पत्राला किंमत आहे.
पडद्याचं मला पटत नाही. थ्वेट्सपुढच्या अमुंडसेन समुद्रात भर उन्हाळ्यातही हिमखंडांमधून जहाज काढणं जिकिरीचं. तिथं कित्येक किलोमीटरचा पडदा बांधायचा, राखायचा, तोही कायमचा. आणि तोवर धूर चालूच!
काजळीचं बघा. उन्हात ठेवलेल्या बर्फाच्या लादीवर कोळशाचा खडा पडला, तर तो तापून स्वतःपुरता खड्डा करत आत उतरतो. हिमनदीवर काजळी हेच करते. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं हवेत राहतो, काजळी मात्र काही दिवसांत, फार तर आठवड्यांत खाली बसते. ती थांबवली की गुण लगेच दिसतो. आर्क्टिकमध्ये जहाजांच्या काजळी सोडणाऱ्या जड इंधन तेलावर १ जुलै २०२४ पासून बंदी आली, पण काही जहाजांना २०२९ पर्यंत सूट आहे. हिमालयासाठी वीटभट्ट्या, डिझेल आणि चुली सुधाराव्या लागतील. त्यातलं बरंचसं आपल्याच देशाच्या हातात आहे.

विडीघरकुल_इंजिनिअर
बाई, जड म्हणून प्रयोगच सोडायचा का? बंदीबद्दलचं तुमचं बरोबर. पण धूर उद्या थांबला तरी समुद्रात साठलेली उष्णता लगेच जाणार नाही. संशोधन बंद पाडू नका.

सीनाकाठ
काजळीचं पटतं की ओ. आम्ही ऊस तुटल्यावर पाचट पेटवत होतो, आता कुट्टी करून सरीतच ठेवतो. जमीन ओल धरते. पण कुट्टी यंत्राचं भाडं लहान शेतकऱ्याला झेपत नाही, त्याचं बोला. आणि हिमालयातल्या काजळीचं खापर आमच्या फडावर फोडू नका, ती बरीचशी गंगेच्या मैदानातून जाते. पत्रावर सही करतो, पण पहिली मागणी पुराच्या इशाऱ्याची पाहिजे.

जुळेसोलापूरकर
पहिली खाणबंदीची ठेवू या, दादा. तिच्यासाठी सोलापुरातून कधी कुणी लिहिलेलं माझ्या तरी ऐकिवात नाही.

सीनाकाठ
मग माझी सही नाही.

भूगोलबाई
दोन पत्रं करा. अंटार्क्टिका दिल्लीच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाकडं, पुराचा इशारा राज्याच्या जलसंपदा विभागाकडं. एकाच कागदावर घातलंत तर तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहील. दादा, पुराच्या पत्राचा मसुदा तुम्ही लिहा. पाणी गावात किती वाजता शिरलं आणि सांगावा किती वाजता आला, हे त्यात नक्की घाला.