खानापूर रोड चौपदरी झाला, तरी तक्रारी संपेनात!

मलप्रभेकाठचा

बेळगाव-खानापूर रस्ता चौपदरी होऊन वाहतुकीला खुला झाला, गणेबैलचा टोलसुद्धा आता जुना झाला. तरी आमच्या भागात चार माणसं चहाला बसली की तोच विषय. जमीन गेली, झाडं गेली, टोल बसला, सर्व्हिस रोड नाही. ऐकून कान किटले म्हणून इथं लिहितोय.

हाच रस्ता आधी 4 ए नंबरचा महामार्ग होता, तो जुना 4 ए कसला होता ते इतक्यात विसरलात? पुढं विटांचा ट्रॅक्टर, मागं गोव्याचा ट्रक, समोरून बस. ओव्हरटेक मारायचा म्हणजे कुलदैवत आठवायचं. पावसाळ्यात साइडपट्टीचा नुसता राडा. पंचवीस-सव्वीस किलोमीटरचं अंतर, पण खानापुरातून अडलेली बाळंतीण सिव्हिलला न्यायची तर घरच्यांचा जीव टांगणीला. कॉलेजची पोरं बेळगावात खोल्या करून राहायची, कारण रोज जाऊन-येऊन अभ्यासाला अंगात त्राणच उरत नव्हतं. आता तीच पोरं संध्याकाळी घरी जेवायला असतात. गोव्याला रोज भाजी जाते ती बेळगावातून भरते. टेम्पो खड्ड्यात आपटत गेला की टोमॅटोचं काय होतं ते भाजीवाल्याला विचारा.

आणि एक सांगतो, दर वेळी यात सीमाप्रश्न घुसडू नका. रस्ता केंद्राचा, त्याचा नवा नंबर 748 तोही केंद्रानं दिलेला. बेंगळुरूनं उपकार केला नाही आणि मुंबईनंही नाही. चांगलं झालं त्याला चांगलं म्हणायला काय पैसे पडतात?

दीड एकरवाला

होय ओ, रस्ता झ्याक झालाय. तुमी जाऊलालाय काचा वर करून. आमचं शेत रस्त्याच्या अल्याड आणि हीर पल्याड. आधी बैल हाकत सरळ जात हुतो, आता मोटर चालू करायला वळसा घालून जायाचं. रस्ता उचलून बांधला, मोऱ्या कुणाच्या अंदाजानं ठेवल्या देव जाणे. वरच्या अंगाचं पाणी येऊन भातात तुंबूलालंय. भाताला पाणी लागतंय खरं, पण बुडून राहिलं की कुजतंय, हे इंजिनियरला कुणी सांगायचं?

पैसे मिळाले की म्हणशीला. मिळाले. त्या पैशात आता शेजारच्या गावात निम्मी बी जमीन येत नाही. रस्ता झाला म्हणून तुमच्यासारख्यांनीच प्लॉट पाडून दर चढवलेत न्हवं?

कॅम्पकर

मग विकायची नव्हती.

दीड एकरवाला

विकली कुठं गा? घेतली.

निवृत्त भूमापक

कॅम्पकर, जरा नीट लिहा. राष्ट्रीय महामार्गाला जमीन लागते तेव्हा 1956च्या महामार्ग कायद्यानं ती घेतात. त्यातल्या 3ए कलमाची अधिसूचना निघते, तिथून 21 दिवसांत हरकत घ्यायची. तीही जमीन रस्त्यासाठी वापरण्याबद्दल, दराबद्दल नाही. दराचं भांडण पुढं 3जी कलमाखाली. तिथला आकडा पटला नाही तर लवादाकडं जाता येतं, पण आमच्या भागात निम्म्या लोकांना हे चेक वटल्यावर कळतं.

आता कटू लागेल ते लिहितो. 2015पासून भरपाई 2013च्या भूसंपादन कायद्याच्या हिशेबानं काढतात. बाजारभाव, त्यावर खेड्यातल्या जमिनीसाठी गुणक, वर तितकीच दिलासा रक्कम. कागदावर हे चांगलं आहे. पण बाजारभाव ठरतो सब-रजिस्ट्रारकडं नोंदलेल्या खरेदीखतांवरून. आणि आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं काय केलं? मुद्रांक शुल्क वाचवायला खरेदीखतात सरकारी दराइतकीच रक्कम दाखवली, बाकीची रोख. संपादन आलं तेव्हा तीच खतं पुराव्याला आली. माझ्या नोकरीत मी हे इतक्या गावांत पाहिलंय की आता हसूही येत नाही.

नोटिशीचंही सांगतो. कायदा म्हणतो, अधिसूचनेचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत द्या, त्यांतलं एक देशी भाषेतलं. इथं ती देशी भाषा कन्नड धरली जाते. खानापूर तालुक्यातल्या मराठी म्हाताऱ्याच्या हातात कन्नड कागद येतो, तो मुलाला दाखवतो, मुलगा मोबाइलवर फोटो काढून कुणाला तरी पाठवतो. एवढ्यात 21 दिवसांतले किती गेले? हरकत मात्र मराठीत देता येते. घटनेचं कलम 350 तो हक्क देतं. मलप्रभेकाठचा म्हणतात सीमाप्रश्न आणू नका. मी आणला नाही, तो टपालानं येतो.

मलप्रभेकाठचा

साहेब, भरपाईचं बोला, मी कुठं नाही म्हणतो? पण तेवढ्यासाठी रस्ताच वाईट कसा ठरतो? जमिनीचा दाम पुरा मिळाला नाही ही एक गोष्ट, आणि रस्त्याचा उपयोग नाही ही दुसरी. लोक दोन्ही एकाच पातेल्यात शिजवतात.

अंगणवाडीची वाट

मी रोज स्कूटीवरून या रस्त्यानं जाते, म्हणून दुसरी गोष्टच लिहिते.

आमच्या गावची गाडीवाट पूर्वापार मुख्य रस्त्याला मिळायची आणि पलीकडं शिवारात जायची. आता मधे दुभाजक. पलीकडं जायचं तर ज्या दिशेला जायचं नाही त्या दिशेला आधी जायचं, पुलाखालून वळायचं आणि परत यायचं. गाडीवाल्याला हे काहीच वाटत नाही, पायडल दाबलं की झालं. डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेल्या बाईनं काय करायचं? ती दुभाजकावर चढते, वैरण आधी पलीकडं टाकते, मग स्वतः उतरते. समोरून गाड्या सुसाट. दूधवाले डेअरीची वेळ गाठायला उलट्या बाजूनं कडेकडेनं येतात. मीही येते. खोटं कशाला सांगू.

बसचं तर विचारूच नका. जिथं पूल झालाय तिथं बस वरून निघून जाते. कर्नाटकच्या शक्ती योजनेत 2023च्या जूनपासून बायकांना तिकीट नाही, छान आहे. पण फुकटची बस पुलावर उतरवते आणि गाव खाली राहतं. रात्री तिथून चालत उतरायचं, दिवा नाही.

मलप्रभेकाठचा

ताई, राग मानू नका, पण उलट्या बाजूनं गाडी घालणं हाच या रस्त्यावरचा सगळ्यांत मोठा धोका आहे. 2019च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या 184 कलमात ते धोकादायक वाहन चालवणं म्हणून धरलंय, तुरुंगवाससुद्धा होऊ शकतो. चौपदरी रस्त्यावर कारला केंद्रानं 100ची मर्यादा दिलीय. समोरून त्याच लेनमध्ये अंधारात स्कूटी आली तर कारवाला काय करणार? अपघात झाला की गाव गोळा होतं आणि मार कारवाल्याला. हे पण लिहा की कुणीतरी.

अंगणवाडीची वाट

दादा, कलम मला ठाऊक आहे. तुम्ही मला कायदा सांगता, मी तुम्हाला विचारते की लोक मरणाची जोखीम घेऊन उलटे का येतात? हौस आहे? रस्ता आखला तेव्हा गावातलं कुणी कुठून कुठं जातं हे बघितलं असतं तर दुभाजकाला फाटा कुठं हवा आणि भुयारी वाट कुठं हवी ते कळलं असतं. कारला 100, दुचाकीला 80, आणि ट्रॅक्टर तर आपल्याच चालीनं जाणार. तिघंही एकाच पट्ट्यात. टोलचा नियम असा की दुचाकी, ट्रॅक्टर, बैलगाडी यांना टोल नाही, पण सर्व्हिस रोड असेल तिथं ट्रॅक्टर आणि बैलगाडीनं मुख्य रस्त्यावर यायचं नाही. बरोबर आहे. आणि सर्व्हिस रोड मधेच संपला तर? मग ट्रॅक्टर हवेतून जाणार?

मला तर वाटतं, ज्यांच्याकडून टोल मिळत नाही त्यांच्यासाठी डिझाइन करताना कुणाचं डोकं चालत नाही.

कॅम्पकर

डिझाइन वगैरे सोडा. पूर्वी गावात लोक कमी मरत होते का? दोनपदरीवर समोरासमोर धडक व्हायची, ती दुभाजकानं थांबली. एवढं तरी द्या ना श्रेय.

अंगणवाडीची वाट

दिलं. समोरासमोरची थांबली. आता आडवी जाणारी माणसं उरली, त्यांचं बघा.

भीमगडचा गवा

माणसांचं झालं असेल तर थोडं जनावरांचं. खानापूरच्या पुढं लोंढा, रामनगर, अनमोड करत रस्ता गोव्याला उतरतो. हा सगळा सह्याद्रीचा पट्टा. तालुक्यात भीमगड अभयारण्य 2011मध्ये जाहीर झालं, अनमोडच्या खाली मोलेचं जंगल. गवे, सांबर, अस्वल, कधी हत्ती. जनावरांना दुभाजक कळत नाही. पुढच्या टप्प्यातल्या झाडतोडीविरुद्ध लोक उच्च न्यायालयात गेले ते काय रिकामटेकडे म्हणून नाही.

मलप्रभेकाठचा

आणि त्या खटल्याच्या काळात लोंढा-अनमोड रस्ता कसा झाला होता? गुडघाभर खड्डे. सगळी वाहतूक जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याला वळली आणि तो अरुंद घाटरस्ताही गेला. चोर्ल्यातही जंगलच आहे ना? एकीकडचं जंगल वाचवायला दुसरीकडच्या जंगलातून ट्रक घातले, याला काय म्हणायचं?

भीमगडचा गवा

काम अडलं म्हणून असलेला रस्ता बुजवायचा नाही, असं कोर्टानं सांगितलं होतं? डांबर टाकायला झाड तोडावं लागत नाही.

पिवळी पाटी

टोलवर कुणीच नीट बोलेना, म्हणून मी. माझा माल वाहायचा टेम्पो, एमएच 09, कागलचा. माझा रोजचा नाका कोगनोळीचा, पुणे-बेंगळुरू महामार्गावर, म्हणजे 48 नंबरवर. गणेबैललाही महिन्यात जाणं होतं. नियम सगळीकडं एकच म्हणून लिहितो.

नाक्यापासून 20 किलोमीटरच्या आत राहणाऱ्याच्या खासगी गाडीला महिन्याचा पास मिळतो, 2025-26 साली 350 रुपये. त्यात राज्य बघत नाहीत. कागलची कार असो की निपाणीची, अंतर बसलं की पास. पण धंद्याच्या गाडीला वेगळा न्याय. नाका ज्या जिल्ह्यात, त्या जिल्ह्यात नोंदलेल्या गाडीला निम्मा टोल. कोगनोळी बेळगाव जिल्ह्यात. म्हणजे लांब रामदुर्गाकडची केए पासिंगची गाडी आली तर निम्मा, आणि मी नाक्याच्या उशाशी राहून पुरा भरायचा. निपाणीचा माझा मेहुणा तोच माल, तसलाच टेम्पो, त्याला निम्मा. तुमच्या दिल्लीच्या रस्त्यावर सीमा आहे की नाही, सांगा आता.

कॅम्पकर

रस्ता हवा आणि टोल नको, असं चालत नाही. वार्षिक पास काढा. 2025च्या 15 ऑगस्टला सुरू झाला तेव्हा 3000 रुपयांत 200 फेऱ्या.

पिवळी पाटी

तो फक्त खासगी कार-जीपला, मालक. पिवळ्या पाटीला नाही. वाचून लिहीत चला.

मलप्रभेकाठचा

पिवळी पाटी, तुमचा जिल्ह्याचा मुद्दा मला पटला. यावर दोन्हीकडच्या वाहतूकदारांनी एकत्र निवेदन द्यायला पाहिजे. पण एक बघा, डिझेल, टायर, पाटे यांत किती वाचतं तेही धरा की. माझा भाऊ सांगतो, आधी पावसाळ्यात पाटा तुटल्याशिवाय महिना जात नव्हता.

पिवळी पाटी

वाचतंय, नाही कुठं म्हणतोय. वाचलेलं नाक्यावर देतोय. भाडं मात्र व्यापारी जुनंच देतो, म्हणतो आता तर तू लवकर पोचतोस.

तिबार पीक

खानापूरवाल्यांचं झालं ते झालं. हाच रस्ता बेळगावच्या टोकाला 48ला जोडायचा म्हणून हलगा-मच्छे बायपास आमच्या छातीवर आला. शहापूर, वडगाव, अनगोळ, मजगाव, हलगा, मच्छे. ही काळी जमीन वर्षात दोन-तीन पिकं देते, बेळगाव बासमतीचा वास इथलाच. आमचं म्हणणं पहिल्यापासून एकच: महामार्गाचा झिरो पॉइंट, म्हणजे तो सुरू होतो ती जागा, फिश मार्केटजवळ, मग तो हलग्याला नेला कुणाच्या हुकमानं? त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, बुलडोझरपुढं बायका आडव्या झाल्या. त्यात आता रिंगरोड. बेळगावच्या भोवतीनं तालुक्याच्या सुपीक जमिनीला गोल फास.

कॅम्पकर

बायपास नाही तर शहरातनं ट्रक घालायचे? तिसऱ्या रेल्वे गेटजवळ एकदा संध्याकाळी येऊन बघा.

तिबार पीक

रोजच येतोय, भाजी घेऊन. ती भाजी कुठनं येते ते तुम्हीही एकदा येऊन बघा.

निवृत्त भूमापक

वाद चालू द्या. दीड एकरवाला, तुमच्यासाठी लिहितो. पाणी तुंबतं त्याचे फोटो तारखेसकट काढून ठेवा, यंदाचा पावसाळा सोडू नका. मोरी वाढवून मागायचा अर्ज मराठीत लिहा, एक प्रत प्रकल्प कार्यालयाला, एक जिल्हाधिकाऱ्यांना, आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. ताईंनी फाट्यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव घ्यावा, नुसत्या सह्यांचा कागद फायलीत दबतो. सर्व्हे नंबर आणि नकाशा जोडा.

अंगणवाडीची वाट

ठराव झालाय, काका. कन्नडमध्ये लिहिलाय, म्हणून निदान वाचतील तरी. उत्तर आलं नाही.

दीड एकरवाला

भूमापक साहेब, पोच द्यायला तो शिपाई तयार नसतोय ओ. स्पीड पोस्टानं धाडलं तर चालतंय काय?

निवृत्त भूमापक

चालतं. पोचपावतीसकट पाठवा. आणि झेरॉक्स दोन काढा, एक घरी, एक मेहुण्याकडं.