स्वस्त स्प्रिंग एअर रायफल : छर्रे विखुरतात, दोष बंदुकीचा की हाताचा?

नवशिका_नेमबाज

नळी खाली वाकवून स्प्रिंग दाबायची, अशा प्रकारची ४.५ मिमी छऱ्याची एक साधी, स्वस्त रायफल मी अलीकडेच घेतली आहे. दहा मीटरवर पाच छरे मारले, तर ते सहा-सात सेंटीमीटरच्या घेरात विखुरतात. चमत्कारिक गोष्ट अशी की, वाळूच्या पिशवीवर नीट टेकवून मारल्यास घेर कमी होण्याऐवजी वाढतो. सुरुवातीच्या वीस-पंचवीस बारांना धूर व जळक्या तेलाचा वास येत होता आणि आवाजही मोठा होता. आता ते थांबले आहे, परंतु प्रत्येक बारानंतर आतून तार छेडल्यासारखा ‘झण्ण’ असा नाद येतो. आतली स्प्रिंग बदलून अधिक ताठ बसवावी काय? खरे सांगायचे, तर रायफल उघडून पाहण्याची माझी इच्छा नेमापेक्षा कुतूहलापोटीच अधिक आहे.

जुना_पाना

ताठ स्प्रिंगचा विचार आधी बाजूला ठेवावा. या रायफलीत छर्रा स्प्रिंगने ढकलला जात नाही. स्प्रिंग पिस्टनला पुढे फेकते, पिस्टन आपल्यापुढील हवा दाबतो आणि ती हवा छऱ्याला ढकलते. किती हवा दाबली जाणार, हे पिस्टनचा व्यास आणि त्याची धाव यांवरून ठरलेले असल्यामुळे स्प्रिंग ताठ केल्याने वेगात फारशी भर पडत नाही, हिसका मात्र निश्चित वाढतो.

पिशवीचे कोडेही या हिसक्यातच आहे. पिस्टन पुढे धावू लागला की रायफल मागे सरकते, आणि तो दाबलेल्या हवेच्या उशीवर थबकला की तीच रायफल पुढे झेपावते. हे सारे घडत असताना छर्रा अजून नळीतच असतो. त्यामुळे रायफलीला प्रत्येक वेळी सारख्याच रीतीने हलू देणे, हाच या खेळाचा गाभा आहे. पुढचा हात उघडा ठेवून दस्ता तळव्यावर नुसता ठेवावा, बोटांनी आवळू नये, आणि मागचा भाग खांद्याला जेमतेम टेकवावा. पिशवी वापरायचीच असेल, तर पिशवी आणि दस्ता यांच्या मध्ये आपला तळवा असावा. तळवा चापाच्या कडीजवळ ठेवून पाहावा, मग चार-पाच सेंटीमीटर पुढे सरकवून पाहावा. प्रत्येक रायफलीला एखादी जागा मानवते आणि ती सापडली की तेथे दस्त्यावर खूण करून ठेवावी.

त्याआधी, किंबहुना आजच, दस्त्याचे सर्व स्क्रू तपासावेत. नळी जेथे वळते त्या बिजागरीच्या बोल्टचा ढिलेपणाही पाहावा, कारण नळी आडवी किंचित जरी डुलत असेल, तर बाकीचे सारे उपाय व्यर्थ आहेत. नळी व चेंबर (हवा दाबली जाते ते नळकांडे) यांच्या सांध्यावर पातळ कागदाची चिंधी ठेवून निशाण्यावर एक छर्रा मारावा. चिंधी उडाली, तर सांध्याचे वॉशर हवा गाळते असे समजावे. नळीत कारखान्याचे गंजरोधक तेल राहिलेले असते, ते कोरड्या कापडाच्या तुकड्यांनी मागून पुढे ओढत काढावे, आणि दोन-तीन निरनिराळ्या वजनांचे छरे आजमावावेत. घेर मोजताना पाचऐवजी दहा छरे मारावेत. पाचांत नशीब फार बोलते.

धूर येत होता तो चेंबरमधील जादा तेलाचा. हवा एकाएकी दाबली गेल्याने तापते आणि तेल डिझेल इंजिनातल्याप्रमाणे पेट घेते. ते आपोआप थांबले, हे उत्तम झाले. आता तेथे शिवणयंत्राचे किंवा दुसरे कोणतेही खनिज तेल घालू नये.

तेलकट_बोटे

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु कुतूहलाला इतके हिणवू नये. (माझी पहिली रायफल मी नेम सुधारण्यासाठी उघडली असे घरी सांगितले होते, ते कोणालाही पटले नव्हते.) ‘झण्ण’ हा नाद स्प्रिंग आणि तिच्या आतील मार्गदर्शक दांडा यांच्यातील फटीमुळे येतो. दांडा घट्ट बसणारा असला किंवा स्प्रिंगवर दाट, चिकट ग्रीसचा पातळ हात दिला, की तो पुष्कळ कमी होतो. मात्र ग्रीस फार झाले तर वेग घटतो आणि पुन्हा धूर सुरू होतो.

स्वस्त रायफलीत सर्वांत फलदायी काम स्प्रिंगचे नसून कानशीचे आहे. पिस्टनच्या नळकांड्याला जी लांबट खाच असते, तिच्या कडा बऱ्याचदा धारदार राहून गेलेल्या असतात, आणि पिस्टन आत-बाहेर करताना त्याच्या तोंडावरचे वॉशर त्या कडांवर कापले जाते. त्या कडा बारीक कानशीने व पॉलिश कागदाने बोथट कराव्यात, लोखंडाचा सगळा चुरा पुसून काढावा आणि पिस्टन जेथे धातूवर घासतो तेथेच मॉलिब्डेनम पेस्टचा (घर्षण कमी करणाऱ्या वंगणाचा) अगदी पुसट थर द्यावा. चापाच्या अडकणीला, म्हणजे मागे ओढलेला पिस्टन अडवून धरणाऱ्या भागाला, मात्र कानस लावू नये. तेथे एक घास अधिक गेला, तर भरलेली रायफल आपोआप सुटू शकते.

उघडताना एक धोका ध्यानात ठेवावा. रायफल सुटलेली असतानाही स्प्रिंग काही सेंटीमीटर दाबलेल्या स्थितीतच असते. मागची पिन नुसत्या हातांनी काढल्यास मागचा ठोकळा छातीवर किंवा तोंडावर येतो. लांब क्लॅम्प किंवा त्याच कामासाठी केलेला शिकंजा हाताशी नसेल, तर उघडूच नये.

मंद_चाप

दोन गोष्टी राहिल्या. छर्रा न घालता चाप ओढू नये. समोर हवेची उशी नसल्याने पिस्टन धातूवर आपटतो. तसेच नळी वाकवलेली असताना चापाजवळ बोट नेऊ नये, नळी उसळून मिटते आणि बोटे चेचतात किंवा नळीच वाकते. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगाने निघाला, तर त्यात १० ज्यूल ऊर्जा असते. तेव्हा चष्मा घालावा, निशाण्यामागे छर्रा रोखणारी भक्कम पेटी ठेवावी आणि शिसे हाताळल्यावर हात धुवावेत. दुर्बीण लावणार असाल, तर ती स्प्रिंग रायफलीसाठीच बनवलेली असावी, कारण दोन्ही दिशांचा हिसका साध्या दुर्बिणीची भिंगे ढिली करतो.

नवशिका_नेमबाज

सर्वांचे आभार. दस्त्याचे पुढचे दोन्ही स्क्रू जवळजवळ अर्धा फेरा ढिले निघाले. बिजागरी ठीक होती आणि चिंधीही हलली नाही. उघड्या तळव्याची सवय व्हायला तीन दिवस लागले, कारण हात न कळत दस्ता आवळत होता. आता दहा छऱ्यांचा घेर अडीच सेंटीमीटरच्या आसपास येतो. अधूनमधून एखादा छर्रा दूर जातो, आणि तो माझाच दोष असल्याचे चाप ओढतानाच कळते. नाद तसाच आहे. शिकंजा बनवायला घेतला आहे.

तेलकट_बोटे

शिकंज्याच्या टोकाला लाकडाचा तुकडा लावावा, म्हणजे ठोकळा घसरणार नाही. पिना कोणत्या बाजूने निघाल्या, याची छायाचित्रे प्रत्येक टप्प्यावर काढून ठेवावीत. जोडताना त्या सगळ्या सारख्याच दिसतात.