मदत हवी आहे : पाऊस लागला की सोलरचा आरसीसीबी पडतो

नमस्कार मंडळी. रत्नागिरीला आमच्या छतावर ५ किलोवॅटचं सोलर आहे, इन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मर नसलेला. उन्हाळाभर तक्रार नव्हती. आता पॅनल भिजले की इन्व्हर्टरच्या लाइनवरचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (अर्थकडे करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो, सुकले की तासन्‌तास टिकतो. ओल्या काचेमुळे पॅनल आणि अर्थ यांच्यातली कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वाढते, म्हणून गळती वाढते, एवढं कळलं. पण पॅनलच्या वायरी जोडणाऱ्या एमसी४ कनेक्टरात पाणी शिरलं असेल तर? ते धोक्याचं. मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) इन्सुलेशन ओल्यातच तपासायचं ना?

इलेक्ट्रिशियन म्हणतो, फ्रेमचं अर्थिंग काढा. घरात लहान मुलं आहेत, ते मी करणार नाही. ३०० मिलिअँपिअरचा टाइप बी (डीसी गळतीही ओळखणारा) आरसीसीबी लावावा, की गळती कमी ठेवणाऱ्या एच५ किंवा हेरिक रचनेचा इन्व्हर्टरच घ्यावा? कुणी प्रत्यक्ष केलंय का?