आर्ट पेपरवर निळा रंग ढगाळ उमटतो : दोष कोटिंगमधल्या थिकनरचा असू शकतो का?

प्रश्न : फोंड्याचा छापखानदार
नमस्कार. आमचा ऑफसेट छापखाना असून चतुर्थीआधी देवस्थानांच्या पत्रिका आणि हॉटेलांची माहितीपत्रके यांचे काम अधिक असते. यंदा १३० जीएसएम मॅट आर्ट पेपरच्या नव्या लॉटवर गडद निळी पार्श्वभूमी सपाट न येता ढगाळ दिसते. जुन्या लॉटचे उरलेले ताव त्याच प्लेटवर, त्याच शाईत चालवले की काम स्वच्छ निघते. मिलने कोटिंगमधला (कागदावरच्या लेपातला) थिकनर, म्हणजे लेप दाट करणारा पदार्थ, बदलला आहे, असे पुरवठादार म्हणतो. लेपातल्या शंभर किलो मातीला अर्धा-एक किलो पडणाऱ्या पदार्थाने एवढा फरक पडतो का?

उत्तर : निवृत्त केमिस्ट, वास्को
पडू शकतो. थिकनर हे नावच फसवे आहे, कारण दाटपणा आणण्याइतकेच पाणी धरून ठेवणे हे त्याचे काम असते. चायना क्ले किंवा कॅल्शियम कार्बोनेट, लॅटेक्स आणि पाणी यांचे मिश्रण बेस पेपरवर ओतून ब्लेडने निपटले जाते. त्या क्षणी पाणी झपाट्याने कागदात शिरले, तर विरघळलेला स्टार्च आणि लॅटेक्सचे बारीक कणही त्याच्यासोबत ओढले जातात, आणि बेस पेपर कुठे दाट, कुठे विरळ असल्यामुळे ही ओढ सगळीकडे सारखी नसते. मग वरच्या थरात बाइंडर (स्टार्च-लॅटेक्स हा चिकटवणारा भाग) कुठे जास्त, कुठे कमी राहतो, शाई त्याच हिशेबाने शोषली जाते, आणि तुम्हाला ढग दिसतात.

सीएमसी हा सेल्युलोजपासून बनवलेला थिकनर साधारणपणे शंभर भाग पिगमेंटला (माती वा कॅल्शियम कार्बोनेटला) अर्धा ते एक भाग लागतो आणि पाणी चांगले धरतो. अल्कलीत फुगणारे ॲक्रिलिक थिकनर त्याहून कमी पुरतात. पण पीएच आठच्या खाली घसरला, तर ते पुरेसे फुगत नाहीत आणि नुसते दुधासारखे पातळ राहतात. म्हणून ‘थिकनर वाढवा’ हाही उपाय नव्हे. ब्रुकफिल्ड या दाटपणा मोजणाऱ्या यंत्रावर मिनिटाला शंभर फेऱ्यांना बेताचे वाटणारे मिश्रण ब्लेडखाली, जिथे कातरवेग (मिश्रणाचे थर एकमेकांवरून घसरण्याचा दर) सेकंदाला दहा लाखांच्या घरात जातो, फार ताठ ठरले, तर कागदावर रेघा उमटतात. त्या टाळण्यासाठी पाणी वाढवले की वाळवण लांबते, शिवाय चकाकीही उतरते.

उत्तर : मशीनमन, मडगाव
मिलला पत्र लिहिण्याआधी एक करून पाहा. काळा, निळा, किरमिजी, पिवळा हा क्रम असेल, तर निळी शाई पुढच्या दोन युनिटांच्या ब्लँकेटवर (कागदावर शाई उतरवणाऱ्या रबरी पत्र्यावर) थोडी उचलली जाते, आणि त्यानेही असेच ढग येतात. निळा शेवटच्या युनिटवर नेऊन शंभर ताव काढा. पावसाळ्यात फाउंटनचे, म्हणजे प्लेट ओली ठेवणारे, पाणीही तपासलेले बरे.

प्रश्नकर्ता
निळा शेवटी नेल्यावर ढग कमी झाले, पण गेले नाहीत. नंतर ओळखीच्या प्रयोगशाळेतून के अँड एन शाई (कागदाचे शोषण तपासण्याची शाई) आणून दोन्ही लॉटच्या कोऱ्या तावांवर फासली आणि दोन मिनिटांनी पुसली. जुना ताव एकसारखा करडा निघाला. नव्यावर नखाएवढे गडद-फिके ठिपके उठले.

उत्तर : निवृत्त केमिस्ट, वास्को
म्हणजे कागदाचे शोषण असमान आहे आणि तुमच्या मशीनने ते अधिक ठळक केले, एवढे सिद्ध झाले. थिकनरच कारण आहे, हे मात्र यातून ठरत नाही, कारण कोटिंग घट्ट होत असताना ड्रायरची उष्णता जास्त झाली तरी बाइंडर असाच सरकतो. मिलला पुसलेले दोन्ही ताव लॉट क्रमांकासह पाठवा आणि त्या दिवसाची पाणी-धारणेची नोंद, मिश्रणाचा पीएच व ड्रायरचे तापमान लेखी मागा. पुरवठादाराच्या तोंडी खुलाशावर नुकसानभरपाई मागू नका.

प्रश्नकर्ता
आभारी आहे, सर. ताव आजच पाठवतो. नव्या लॉटवर तूर्त मजकुराचीच कामे काढतो. पत्रिकांसाठी जुन्याचे दोन रीम उरले आहेत, ते पुरवून वापरतो.