लायब्ररी अचानक विकतची झाली, साडेतीन हजार टेस्ट तिच्यावर उभ्या आहेत

हिरवीटेस्ट:
नमस्कार मंडळी. टेस्ट लिहायला आम्ही सात वर्षं एक ओपन सोर्स लायब्ररी (कुणालाही वापरता येणारा तयार, खुला कोड) वापरतोय. मंगळवारी लायब्ररी अद्ययावत ठेवणाऱ्या बॉटने नेहमीसारखी नव्या आवृत्तीची पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल कोडात घेण्याची विनंती, टाकली. सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास होत्या, मी बदल कोडात घेतला, म्हणजे मर्ज करून टाकलं. खाली बदलांची यादी जोडलेली होती, ती उघडलीच नाही. बुधवारी बिल्डच्या लॉगमध्ये ओळ दिसली: व्यावसायिक वापरासाठी परवाना विकत घ्यावा लागेल. आधीची आवृत्ती अपाचे या मोफत, खुल्या परवान्याखाली होती.

पैशांचं एवढं नाही हो. याच लायब्ररीतले दोन बग मी शोधून दिले होते, एकाचा पॅच दोन शनिवार बसून लिहिला होता. तो आजही त्यात आहे. माझाच कोड मी आता विकत घ्यायचा, हे काही केल्या पचत नाहीये.

जुन्या आवृत्तीवर थांबू, फोर्ककडे (जुन्या कोडावरून इतरांनी वेगळी चालवलेली प्रत) जाऊ, की मॅनेजरकडे पैसे मागू?

कंसातला:
आधी तो मर्ज मागे घ्या, बाकीचं नंतर. अपाचेखाली दिलेली आवृत्ती दिली ती दिली, ती कुणी परत घेऊ शकत नाही. फ्लुएंट असर्शन्स या टेस्टच्या लायब्ररीची ८वी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये व्यावसायिक वापरासाठी सशुल्क झाली, तरी ७वी अपाचेखालीच राहिली. आम्ही तिथेच थांबलोय.

नुगेट (डॉटनेटच्या लायब्ररी आणणारं साधन) वापरत असाल तर एक बघा. आवृत्तीचा नुसता आकडा लिहिला की त्याचा अर्थ 'किमान एवढी' असा होतो. नेमकी तीच हवी असेल तर आकडा चौकोनी कंसात घाला. आणि मेजर, म्हणजे मोठ्या बदलाच्या, आवृत्तीच्या रिक्वेस्ट टाकणं बॉटला बंद करायला सांगा.

जुनाखांब:
फोर्ककडे जाण्याआधी त्याचे गेल्या तीन महिन्यांचे कमिट, म्हणजे कोडात केलेले बदल, उघडून बघा. टेराफॉर्म या सर्व्हर उभारायच्या साधनाचा परवाना ऑगस्ट २०२३ मध्ये बदलला आणि जानेवारी २०२४ मध्ये ओपनटोफू या त्याच्या फोर्कची पहिली स्थिर आवृत्ती आली. रेडिस या डेटाबेसने मार्च २०२४ मध्ये परवाना बदलला, त्याच महिन्यात वाल्की हा त्याचा फोर्क उभा राहिला. दोन्ही फोर्क लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहेत आणि कंपन्यांनी त्यावर पगारी माणसं बसवलीत. रागाच्या भरात एकट्याने काढलेला फोर्क चार महिन्यांत थंडावतो, मग तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर.

रात्रपाळी:
मी पलीकडच्या बाजूने लिहितो. तारखा वाचणारी एक छोटी लायब्ररी मी सहा वर्षं एकट्याने सांभाळतोय.

एका रविवारी रात्री इश्यू, म्हणजे तक्रारीची नोंद, आला, 'प्रॉडक्शन बंद आहे, ताबडतोब बघा.' मुलीला ताप होता, ती माझ्या मांडीवर झोपलेली. एका हाताने टाइप करत पहाटे दोनला दुरुस्ती टाकली. सकाळी इश्यू बंद झालेला, त्यावर एक अक्षर नाही. त्याने चिकटवलेल्या एरर लॉगमधल्या फोल्डरच्या नावावरून कंपनी कळली. भली मोठी होती. सहा वर्षांत मला पैसे पाठवले ते अकरा जणांनी, आणि अकराही जण आपल्या खिशातून देणारे. कंपनी एकही नाही.

मी अजून दर लावलेला नाही. पण जे लावतात त्यांना लोभी म्हणायला माझी जीभ वळत नाही.

ताई, तुमचं दुःख मात्र खरं आहे. अपाचे परवाना तुमचा पॅच विकाऊ उत्पादनात घालायची मुभा देतो, त्यामुळे कायद्याने कुणी काही चोरलं नाही. तरीही ज्यांनी हातभार लावला त्यांना निदान सहा महिने आधी सांगायला हवं होतं. लॉगमधल्या एका ओळीतून कळणं हा अपमानच आहे. माझ्यावर कधी ती वेळ आली तर पॅच देणाऱ्या प्रत्येकाला आधी स्वतः पत्र लिहीन.

हिरवीटेस्ट:
मर्ज मागे घेतला, आकडा कंसात घातला. फोर्क बघितला, दोनच जण कमिट करतायत, म्हणून तूर्त आम्ही जुन्या आवृत्तीवरच थांबतो. सुरक्षेची दुरुस्ती अडली तर परवाना घ्यावा लागेल, हे मॅनेजरना आजच लिहून दिलं.

रात्रपाळी, तुमचं वाचून आमच्या सगळ्या डिपेंडन्सींची, म्हणजे बाहेरून घेतलेल्या लायब्ररींची, यादी काढून बसले. एकाच माणसावर चाललेल्या तीन निघाल्या. त्यातल्या एका पार्सरवर आमची रोजची बिलं चालतात आणि त्याच्या पानावर स्पॉन्सरचं बटण आहे. कंपनीच्या नावाने दरमहा रक्कम द्यावी असा अर्ज दिलाय. उत्तर आलं की याच धाग्यावर लिहीन.