घरचा म्युझिक सर्व्हर हा रिकामटेकड्यांचा उद्योग? मुळीच नाही

मध्यलय
काल ‘पडघम’ यांनी लिहिलं, “घरी म्युझिक सर्व्हर मांडून बसणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. महिन्याला दीडशे रुपये भरा, सगळं संगीत मोबाइलवर येतं.” दोन ओळींत उत्तर देऊन माझं समाधान झालं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

“सगळं संगीत” या शब्दांनाच माझा आक्षेप आहे. माझ्या वडिलांनी १९७८ ते १९९१ या काळात गावच्या गणपतीत आणि घरगुती बैठकांत टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन १४० कॅसेट भरल्या. त्यातली एकही कुठल्या ॲपवर नाही, येणारही नाही. आणि जे ॲपवर असतं तेही आपलं नसतं. गेल्या वर्षी माझ्या यादीतली नऊ गाणी एका सकाळी करडी पडली, म्हणजे वाजेनाशी झाली. कारण कोणी सांगितलं नाही.

माझी मांडणी साधी आहे. एक रास्पबेरी पाय ४ (छोटासा संगणक), त्यावर लिरियन (घरातल्या फाइली खोल्याखोल्यांत वाजवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर), मागे २ टीबीची डिस्क. हॉलमध्ये आणि स्वयंपाकघरात एकेक पाय ३, वर डॅकचं (डिजिटल फाइलचा आवाज करणारं) कार्ड, पुढे जुना ॲम्प्लिफायर. सहाशे सीडी फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवता फाइल लहान करणारा प्रकार) २०० जीबीच्या आसपास बसल्या. सर्व्हर वर्षभर चोवीस तास चालला तरी पाच वॅटच्या हिशेबाने ४४ युनिट.

आणि टिकण्याचं म्हणाल तर लिरियनचाच इतिहास बघा. स्लिम डिव्हायसेस या कंपनीने सुरू केलं, २००६ मध्ये लॉजिटेकने कंपनी घेतली, २०१२ मध्ये त्यावर चालणारे स्क्वीझबॉक्स हे गाणी वाजवणारे डबे बंद केले. पण सॉफ्टवेअर खुलं होतं. लोकांनी ते चालू ठेवलं, २०२४ मध्ये नाव बदललं, आणि ते आजही माझ्या घरात वाजतंय.

पडघम
त्याच २०२४ मध्ये त्या डब्यांना इंटरनेट रेडिओ पुरवणारी कंपनीची वेबसेवाही बंद झाली, तेही लिहा की. अर्धीच गोष्ट सांगू नका.

वडिलांच्या कॅसेट हा अपवाद झाला. अपवादावरून सगळ्यांना हे घरी करा म्हणून सांगता येत नाही. मी हा उद्योग केलेला माणूस आहे. २०१६ साली पाय घेतला, डिस्क लावली, दोन महिने खपलो. आमच्याकडे पावसाळ्यात वीज दिवसातून चारदा जाते. एका पावसाळ्यात तीन एसडी कार्डं गेली. नंतर पंधरा दिवस बाहेरगावी होतो. परत आलो तर बायको म्हणाली, “तू गेल्यापासून घरात गाणं लागलेलं नाही. काय दाबायचं ते आम्हाला कुठे माहीत आहे?” हे मला फार लागलं. जी यंत्रणा घरातल्या एकाच माणसाला चालवता येते ती घराची नाही, त्या माणसाची. त्या दिवशी सगळं उतरवलं. आज माझी आई नुसतं बोलून अभंग लावते.

लॅनवाला
पडघमराव, कार्डं विजेने घालवली हे खरं, पण तुम्ही त्यावर साधी लिनक्स (संगणक चालवणारी प्रणाली) टाकली असणार. ती सतत कार्डावर लिहीत असते आणि लिहिता लिहिता वीज गेली की कार्ड बिघडतं. पायकोअरप्लेअर ही गाणी वाजवण्यासाठीची छोटी लिनक्स; तो सुरू होताना सगळं रॅममध्ये उचलतो, नंतर कार्डाला हात लावत नाही. माझ्या एंडपॉइंटांची (खोल्यांतल्या वाजवणाऱ्या पायची) वीज मी सरळ भिंतीवरच्या बटणाने बंद करतो. चार वर्षं झाली, एकही कार्ड गेलेलं नाही. सर्व्हरला आणि राउटरला मात्र छोटा यूपीएस हवाच.

खरा शत्रू वाय-फाय. आमच्या सोसायटीत २.४ गिगाहर्ट्झवर मला शेजाऱ्यांची २३ नेटवर्कं दिसतात, आणि एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. दोन खोल्यांत एकत्र गाणं लावलं की स्वयंपाकघरातला तबला अर्धी मात्रा मागे पडायचा. मी शेवटी वायर ओढली. फ्लॅकला लागतात सेकंदाला जेमतेम एक मेगाबिट, साध्या शंभर मेगाबिटच्या लॅनलाही (घरातल्या वायरच्या नेटवर्कलाही) ते काहीच नाही. पण बिल्डर लोक पाच खोल्यांत टीव्हीच्या केबलसाठी पाइप टाकतात आणि नेटवर्कसाठी एकही नाही! पाऊण कोटीच्या फ्लॅटमध्ये मी दाराच्या चौकटीवरून पट्टी ठोकून वायर नेली आहे. याचा मला रोज राग येतो.

खर्ज
मी गाणं शिकवते, त्यामुळे माझी तक्रार वेगळी. विलंबित आणि द्रुत सीडीवर दोन ट्रॅक असतात, पण तबला थांबलेला नसतो. आधी मी डीएलएनएवर (घरातल्या नेटवर्कवरून गाणं पाठवायची पद्धत) टीव्हीच्या साउंडबारला पाठवायचे. बरोबर त्या सांध्यावर सेकंदभर शांतता! मुलींना समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येणं समजावत असते आणि समच गिळली जाते. लिरियन आणि फ्लॅकवर आल्यापासून ते बंद झालं. एवढ्या एका कारणासाठी मी मध्यलय यांच्या बाजूने.

पण नावांचं काय करता? माझ्याकडे “भीमसेन जोशी”, “पं. भीमसेन जोशी”, “पंडित भीमसेन जोशी” आणि रोमनमधले, असे चार वेगळे गायक दिसतात. सगळे पंडित ‘प’मध्ये, सगळे उस्ताद ‘उ’मध्ये.

मध्यलय
ताई, कलाकाराच्या रकान्यात उपाधी लिहायचीच नाही. मी सगळीकडून काढली. आणि सगळं देवनागरीत.

एडिसनकर
देवनागरीला माझा ठाम विरोध. मी न्यू जर्सीत राहतो, मुलं इथेच वाढली. मराठी बोलतात, पण देवनागरी टाइप करत नाहीत. रोमनमध्ये “कुमार” लिहिलं आणि समोर शून्य निकाल आले तर ती परत कधी शोधणार नाहीत. संग्रह कुणासाठी करायचा? टॅग (फाइलमध्ये लिहिलेली गायक, राग वगैरे माहिती) रोमनमध्येच हवेत.

मध्यलय
रोमनमध्ये बागेश्री किती प्रकारांनी लिहितात मोजा. शेवटी एक आय, दोन ई, मध्ये एस की एसएच. मुलांना टाइप येत नाही म्हणून आपल्या रागांची नावं परक्या लिपीत कोंबायची, ही लाचारी आहे.

एडिसनकर
लाचारी हा शब्द मागे घ्या. माझ्या मुलीने गेल्या रविवारी आपणहून मालकंस लावला, कारण ते नाव तिला वाचता आलं. तुमच्या शुद्ध लिपीत ते तिच्यासाठी कुलूपबंद राहिलं असतं. आणि देवनागरीत तरी एकच रूप आहे का? मालकंस, मालकौंस. गंधर्व, गन्धर्व.

मध्यलय
शब्द मागे घेतो. मत नाही.

जोडाक्षर
देवनागरीवाल्यांनी एक धोका ध्यानात ठेवा. युनिकोडमध्ये ‘ऱ’ दोन प्रकारे साठवता येतो, एकच अक्षर म्हणून किंवा र आणि खाली नुक्ता (टिंब) म्हणून. डोळ्यांना फरक दिसत नाही. जुना मॅक फाइलच्या नावात दुसरा प्रकार साठवायचा. तिथून फाइली लिनक्सवर आणल्या आणि माझ्या प्लेलिस्टमधली ‘वाऱ्या’, ‘ताऱ्या’ अशी शब्दांची जेवढी गाणी होती तेवढी सापडेनाशी झाली. फाइल समोर आहे आणि सर्व्हर म्हणतोय नाही. दोन रविवार गेले. म्हणून माझा नियम असा, फाइलचं नाव रोमनमध्ये, टॅग देवनागरीत.

खर्ज
हे कामाचं सांगितलंत. आता रागाचं सांगा. राग कुठल्या रकान्यात लिहायचा?

लॅनवाला
जॉनरमध्ये, म्हणजे संगीतप्रकाराच्या रकान्यात. सगळी ॲप जॉनर दाखवतात. यमनवर टिचकी मारली की घरातले सगळे यमन पुढ्यात.

खर्ज
राग म्हणजे जॉनर नव्हे! ख्याल, ठुमरी, नाट्यपद, अभंग हे जॉनर. भैरवीत ठुमरीही आहे आणि अभंगही. त्या रकान्यात भैरवी लिहिली तर ठुमरी कुठे लिहू?

लॅनवाला
तिथेच, दुसरी नोंद. फ्लॅकमध्ये एक रकाना कितीही वेळा लिहिता येतो. स्वतंत्र ‘राग’ नावाचा रकानाही करता येतो, पण बहुतेक ॲप तो दाखवतच नाहीत, मग फायदा काय?

खर्ज
म्हणजे ॲपला दिसत नाही म्हणून ठुमरी आणि भैरवी एकाच यादीत शेजारी शेजारी? माझ्या गुरुजींना दाखवायला मला लाज वाटेल. ज्यांनी हे रकाने ठरवले त्यांच्या डोळ्यांपुढे तीन मिनिटांचं गाणं होतं, आपली तासाभराची बैठक नव्हती. आणि आपण निमूटपणे त्या खणांत स्वतःला दुमडून घेतोय.

पडघम
माझं म्हणणं तुम्हीच सिद्ध केलंत. गाणं ऐकण्याबद्दल इथे शेवटचं कोण बोललं? नुक्ता, रकाने, उपाधी. या वेळात दोन बैठका ऐकून झाल्या असत्या.

खर्ज
नाही, पडघमजी. प्रत्येक ट्रॅकचा राग लिहायचा म्हणून मी तो शेवटपर्यंत ऐकला. एका सीडीच्या वेष्टनावर भूप छापलं होतं आणि आत देशकार होता. मी ती बारा वर्षं भूप म्हणून मुलींना ऐकवत होते. हे मला टॅग भरताना कळलं, आणि हे ऐकणंच आहे.

पडघम
बरं. तेवढं मान्य.

गंजलेली_टेप
वादात पडायचं नव्हतं, पण मध्यलय, एक विचारते. १४० कॅसेटची दुसरी प्रत कुठे आहे? माझ्या आजीच्या ओव्या मी २०११ मध्ये डिजिटल केल्या. टेपना बुरशी आली होती म्हणून नंतर टाकून दिल्या. डिस्क एकच होती. ती गेली. डेटा काढून देणाऱ्याने महिनाभर ठेवून परत दिली, काही निघालं नाही. आजीचा आवाज आता कुठेच नाही. तुम्ही सर्व्हर, डॅक, वायर सगळं लिहिलंत, याबद्दल एक अक्षर नाही.

मध्यलय
दुसरी डिस्क आहे, पण त्याच कपाटात. वाचून पोटात गोळा आला. या शनिवारी एक प्रत बहिणीकडे साताऱ्याला नेऊन ठेवतो. मूळ कॅसेट मात्र टाकलेल्या नाहीत, टाकणारही नाही.

लॅनवाला
बहिणीकडे एक रास्पबेरी पाय ठेवा. इथल्या ब्रॉडबँडवर बाहेरून पोर्ट (घरच्या नेटवर्कात शिरायची वाट) उघडायला गेलात तर अनेक कंपन्यांकडे जमत नाही, एकच सार्वजनिक पत्ता कित्येक घरांत वाटलेला असतो. टेलस्केल (दोन घरांतली यंत्रं इंटरनेटवरून खाजगीत जोडणारं सॉफ्टवेअर) टाका, त्याला पोर्ट लागत नाही. रात्री आपोआप प्रत जाईल, आणि बहिणीलाही तिकडे ऐकता येईल.

पडघम
कॅसेटबद्दल माघार घेतो. ते जपायलाच हवं, आणि ॲप ते जपणार नाही. पण सहाशे सीडींसाठी घरात तीन डबे आणि आईला नवं ॲप शिकवणं, हे मला आजही पटत नाही.

मध्यलय
आईला ॲप दिलेलंच नाही. स्वयंपाकघरातल्या पायला एक बटण जोडलंय. दाबलं की कालच्या जागेपासून पुढे. गेली तीन वर्षं तिने मला एकदाही हाक मारलेली नाही.

पडघम
हे आधी लिहायचं होतं. बटण कसं जोडलं ते टाका.

खर्ज
बटणाचं झालं की रागमालेला काय लिहिता तेही कोणीतरी सांगा. एका ट्रॅकमध्ये नऊ राग आहेत.